बशा बैलाचे ठोके

सरांनी मला फसवलं. भर बाजारात, धंद्यातल्या माणसांसमोर, माझ्याच टॉवेलाखाली हात घालून फसवलं. त्यांना ओळखणारे म्हणतात, शक्यच नाही. सर इतके सरळ की भाजीवालीने कोथिंबीर जास्त दिली तर अर्धी परत करतात. ते खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. तरीही फसवलं.

मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापारी. शाळा सोडून एका म्हाताऱ्या हेड्याकडे बैल हाकायला लागलो, आणि आज मखमलाबाद रोडला घर, मागे गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची खोली, सगळं स्वतःचं आहे. कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. मला राग लवकर येतो असं बायको म्हणते, आणि ती म्हणाली की मला राग येतो.

सर आले ते त्या पत्र्याच्या खोलीसाठी. निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्राचे. उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मेथीची जुडी आणि मेथीतून लोंबणारा स्टेथोस्कोप. गंगापूर रोडला त्यांचा चांगला फ्लॅट होता.

"मग पत्र्यात कशाला राहता?" मी विचारलं.

"मी नाही, ससे राहतील. आमच्या सोसायटीने मीटिंग घेऊन सशांविरुद्ध ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा केला."

"तुम्ही का?"

"वास येतो हो खरंच."

मी भाडं सांगितलं. सरांनी माझं मनगट धरलं, आढ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता खरं भाडं सांगा." मी थोडं कमी सांगितलं. "अजून थोडं खरं." स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको हसली. मी म्हटलं जाऊ दे, म्हातारा माणूस आहे.

मनगट धरणं हा त्यांचा नमस्कार होता. पोस्टमन, गॅसवाला, गल्लीतला इस्त्रीवाला, कुणीही भेटलं की आधी मनगट. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हात झटकून घेतला. पुढे सर दिसले की स्वतःच हात पुढे करायच्या. "काय म्हणतंय?" "उत्तम आहे. फक्त जावयाचं नाव निघालं की वाढतं." सासूबाई आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होत्या.

गरम चहा ते कधी प्यायले नाहीत. कप हातात आला की त्यांना काहीतरी मोजायचं आठवायचं. 'घाबरला' हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. "घाबरला हे तुमचं मत झालं, शेठ. ठोके कमी झाले ही बातमी. आधी बातमी द्या." एकदा माझ्याबरोबर पंचवटीत भाजी घ्यायला आले आणि मी वांगी निवडतोय तोवर एका बाईच्या कोंबडीला स्टेथोस्कोप लावून बसले.

"ओ बाबा, घ्यायची तर घ्या. तपासता काय? आजारी नाय ती," बाई म्हणाली.

"छे, मला फक्त ऐकायचंय. तुम्ही जरा ती सुरी दगडावर घासता का?"

बाईने कोंबडी पाटीत घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि जागा बदलली. सर मला म्हणाले, "घासली असती तर कळलं असतं, हिला सुरीचा आवाज ओळखीचा झालाय की नाही." त्यांना वाईट एवढंच वाटलं की ते कळायचं राहिलं.

ससे दोन होते, एक पांढरा, एक करडा. सर सशाच्या कानाला एक चिमटा लावत. चिमट्याची वायर एका डबीला, आणि डबीतून ठोक्यागणिक टिक टिक आवाज. सशाचं हृदय इतकं पळतं की टिक टिक वेगळी ऐकूच येत नाही, नुसती सरसर येते. सर आधी एक छोटी घंटी वाजवत आणि लगेच रबरी फुग्याने सशाच्या तोंडावर हवेचा झोत सोडत. ससा डोळे मिटायचा. असं काही वेळा झालं की नुसती घंटी.

"लावा पैज, शेठ. आता झोत नाही, फक्त घंटी. याचं हृदय धावेल की मंदावेल?"

"धावेल. हे काय विचारणं झालं? काठी दिसली की बैलाची छाती कशी उडते ते मी रोज बघतो."

सरांनी घंटी वाजवली. ससा जागचा हलला नाही, आणि डबीतली सरसर सैल पडली. मला एकेक टिक वेगळी ऐकू आली. थोड्या वेळाने ती पुन्हा पळायला लागली. मी घंटी हातात घेतली आणि स्वतः वाजवून पाहिली. पुन्हा तेच. सर घशातल्या घशात हसले आणि पैजेचा चहा मागितला. तोही त्यांनी गार केला.

"सशाचं असं आहे," ते म्हणाले. "पुढे काही येणार हे कळलं की त्याचं हृदय दबा धरतं. सगळ्या जनावरांचं असंच असेल असं नाही. उंदराचं तर तो मोकळा आहे की जखडलेला, यावरही बदलतं. पण हे सशाने जन्मतः आणलेलं नाही. इथे, तुमच्या पत्र्याखाली शिकलाय तो."

त्यांनी खोलीच्या भिंतीवर गेरूने सशाचा मेंदू काढला होता, भोपळ्याएवढा. भिंत माझी, विचारलं मला नाही. मी भांडायला गेलो आणि तासभर तिथेच बसलो. खाली आत बदामासारखा एक ठिपका, समोर कपाळाकडचा भाग, मागे छोट्या मेंदूची मधली पट्टी. सर काठी टेकवून सांगत होते. बदामाला इजा झाली तर सशाला घंटी ऐकू येते, कान वळतात, पण हृदय दखल घेत नाही. कपाळाकडच्या भागाला झाली तर दखल घेतं, पण थोडीशीच. मागची पट्टी बिघडली तर एरवी ठोके ठीक असतात, फक्त शिकवलेलं तेवढं हृदयात उतरत नाही.

"म्हणजे मालक कोण मग? बदाम?"

"मालक कुणीच नाही. तुमच्या बाजारासारखं आहे. एक भाव काढतो, एक चढवतो, एक उतरवतो. सौदा कुणी केला म्हणून विचाराल तर बोट दाखवता येत नाही."

"तुम्हाला हे कळलं कसं? तुम्ही कापलेत ससे?"

"तरुणपणी. नोकरीच ती होती." ते करड्या सशाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "कळलं ते खोटं नव्हतं. पण आता मला उलटं बघायचंय. काही न कापता, शिकलेलं हृदय पुन्हा मोकळं होतं का?"

त्याच सुमारास मी मनमाडकडून एक खिल्लार बैल आणला. पांढराशुभ्र, शिंगं अशी की रस्त्यावरची माणसं वळून बघत. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बैल कितीही देखणा असो, घेणारा विचारतो, "खोड?" आणि विकणाऱ्याला सांगावी लागते. मारका आहे, बुजरा आहे, काय असेल ते. जो खोड लपवतो त्याच्या टॉवेलाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. या बैलाच्या मालकाने मला खोड सांगूनच दिला: बशा. म्हणजे जुंपलेला असताना बसणारा. मालक शर्यतीच्या नादातला होता. शीळ घालायची आणि बॅटरीच्या काठीने झटका द्यायचा, म्हणजे बैल पळतो, असं त्याला कुणी शिकवलेलं. हा पळाला थोडे दिवस. मग शीळ ऐकली की बसायला लागला.

हे ऐकून सर हातातला चहा ठेवून उठले. बैलाच्या डाव्या पुढच्या पायामागे स्टेथोस्कोप लावला आणि मला म्हणाले, "घाला शीळ." मी घातली. बैल थरथरला, पुढचे गुडघे दुमडले आणि सावकाश खाली बसला. त्याच्याबरोबर सरही खाली बसले. पँट शेणात, पण चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद.

"ऐका, ऐका!" त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या. बैलाचं हृदय मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. विहिरीत खोल कुठेतरी बादली आपटावी तसं. आपटली. मग इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं. मग पुन्हा आपटली.

"हा बैल मला द्या," सर म्हणाले.

माणसाच्या डोळ्यातली हाव मला लांबून दिसते. मी असा भाव सांगितला की बायकोने आतून भांडं आपटलं. सर शांतपणे म्हणाले, "इथे नको. बाजारात बोलू, तुमच्या रीतीने."

आमची रीत म्हणजे टॉवेलाखालची. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. तोंडाने काही बोलायचं नाही, म्हणजे बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. ही बोटं मीच सरांना गंमत म्हणून शिकवली होती. बाजारात बघ्यांचं कोंडाळं झालं. प्राध्यापक बैल घेतोय, हा तमाशा कोण सोडणार? मी माझा आकडा दाबला. सरांनी घाई केली नाही. त्यांची दोन बोटं माझ्या बोटांवर नव्हतीच, मनगटावर होती. मग ते खाकरले. मी खाली उतरलो. पुन्हा खाकरले, पुन्हा उतरलो. का उतरतोय ते मला कळत नव्हतं, हात आपोआप सैल पडत होता. माझ्या खरेदीच्या खाली गेल्यावर सर म्हणाले, "झालं," आणि त्यांनी टॉवेल उचलला.

"शेठ, मास्तरने लोळवलं की तुम्हाला!" मागून कुणीतरी ओरडलं. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

परत येताना सर टेम्पोत माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "शेठ, एक विचारू? लहानपणी तुम्हाला कुणी खाकरून मारायचं का?"

मी टेम्पो कडेला घेतला. माझा तो म्हातारा हेडी टोचणीची काठी उचलायच्या आधी घसा खाकरायचा. रोजचं होतं ते. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मला कफ आहे. मी खाकरलो की तुम्ही वाक्य अर्धं सोडता, रागात असलात तरी. आज हाताला लागलं. ठोका अडतो तुमचा, सशासारखा, आणि मग तुम्ही खाली येता."

"उतरा," मी म्हणालो.

ते उतरले. खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "रागात मात्र धावतं. छान धावतं." मी गाडी दामटली. पुढच्या वळणावर थांबावं लागलं, कारण मागे बैल होता आणि बैल त्यांचा होता. ते रमतगमत चालत आले.

बैल ठेवला माझ्याच गोठ्यात. दुसरी जागा नव्हती त्यांना, आणि बायकोने परस्पर हो म्हटलं होतं. रोज सकाळी सर लांब, विहिरीपाशी उभे राहून हळू शीळ घालायचे. काठी नाही, झटका नाही. मी किंवा बायकोने तेव्हाच बैलापुढे गुळाचा खडा धरायचा. पहिल्यांदा बसला. नंतर बसता बसता थांबला. मग नुसता थरथरला. शीळ गोठ्याजवळ आली, मोठी झाली. मला कामं होती, पिंपळगावचे लोक फोन करत होते, आणि मी गोठ्याच्या दाराशी गार झालेला चहा घेऊन उभा. शेवटी शेवटी शीळ वाजली की बैल मान वळवून गूळ शोधायचा. सर नळ्या लावून म्हणायचे, "वा! हृदय जागचं हललं नाही."

"पुसलं गेलं म्हणायचं?" मी विचारलं.

"बहुतेक."

"माणसाचं होतं का हो असं?"

"गूळ खाणार का?" सर म्हणाले आणि स्वतःच हसले. मी तिथून निघून गेलो.

सुरगाण्याकडचा एक शेतकरी द्राक्षाच्या हंगामात बायकोपोरांसह आमच्या भागात कामाला येतो. त्याचा एक बैल गेला होता, आणि भाताच्या चिखलणीला जोडी नव्हती. सरांनी त्याला तो खिल्लार तसाच देऊन टाकला. तो माणूस आनंदाऐवजी संशयाने बघायला लागला.

"फुकट? मग खोड लय मोठी असंल." तो सरांना नाही, मला विचारत होता. "शेठ, तुमी हेडी. तुमी सांगा. खोड?"

मी सांगायला तोंड उघडलं. होती, शिळेची होती, आता गेल्यासारखी वाटते, सांभाळून घे. एवढंच म्हणायचं होतं. सर खाकरले. आणि माझ्या तोंडातला शब्द तोंडात राहिला.

"खोड नाही," सर म्हणाले. "मी रोज मोजलंय."

त्याने हात जोडले. माझ्याच टेम्पोतून बैल गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या शेतकऱ्याचा फोन आला. बांबू भरलेली बैलगाडी घेऊन तो घाट उतरत होता. मागून प्रवासी जीप आली. मागे लोंबकळणाऱ्या पोराने ड्रायव्हरला थांबवायला शीळ घातली, सगळेच घालतात तशी. बैल उतारावरच बसला. मागून भरली गाडी त्याच्यावर आली. माणसं वाचली. बैलाचा पुढचा गुडघा गेला.

मी त्याच दिवशी गेलो. बैल अंगणात मोहाच्या झाडाखाली पडून होता, शिंगं तशीच देखणी. डॉक्टरने सांगितलं होतं, जगेल, पण जू घेणार नाही. शेतकरी ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. तो हळूच म्हणाला, "शेठ, तुमाला माहीत व्हतं ना?" मी माझा एक बैल चिखलणीपुरता त्याच्या दावणीला बांधला.

सर तोवर मुलीकडे पुण्याला राहायला गेले होते, ससे घेऊन. फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि मग प्रश्न सुरू.

"शीळ कुणी घातली? मागून की पुढून? त्या घाटात त्याने आधी कधी ऐकली होती?"

"नाही."

"म्हणजे पुसलं गेलंच नव्हतं! जुनं आत तसंच होतं, शेठ. कपाळाकडच्या भागाने नुसतं दाबून धरलेलं, तेही तुमच्या गोठ्यापुरतं. जागा बदलली आणि वर आलं. सशात, उंदरात बघितलेलं आहे हे. मला सुचायला हवं होतं. विलक्षण आहे."

"सर, गुडघा गेला त्याचा."

मग हळू आवाजात, "आता ठोके कसे आहेत? कुणी ऐकलेत का?"

मी ऐकलेत. सरांचा स्टेथोस्कोप पत्र्याच्या खोलीत राहिला होता, तो मी सुरगाण्याला बरोबर नेला होता. शेतकऱ्याला जरा लांब पाठवलं, बैलाच्या छातीला नळी लावली आणि अगदी हळू शीळ घातली. मग गुळाचा खडा पुढे धरून पुन्हा घातली. काय ऐकू आलं ते मला माहीत आहे. सरांना नाही.

फोनवर त्यांनी तीनतीनदा विचारलं. मी सांगितलं नाही, आणि फोनवर सांगणारही नाही. म्हणून हे लिहितोय. सर वाचतील, नाहीतर कुणीतरी त्यांना वाचून दाखवेलच. सर, तुम्हाला ते ऐकल्याशिवाय झोप येणार नाही, हे मला तुमचं मनगट न धरता कळतं. मी गाडी घेऊन पुण्याला येतो. आपण सुरगाण्याला जाऊ. त्या माणसाच्या अंगणात उभं राहून आधी त्याला सांगा की खोड होती. मग बैलाला टेम्पोतून त्या घाटात नेऊ, जिथे तो बसला तिथे, त्याला पुन्हा शिकवायला लागा, कितीही दिवस लागोत. आणि त्या बैलासमोर मला एवढंच सांगा: त्या माणसाने मला खोड विचारली तेव्हा तुम्ही खाकरलात, तो कफ होता की तुम्ही मला गप्प केलंत?

उत्तर द्या, आणि बैलाचे ठोके घेऊन जा. हा माझा भाव; त्याखाली मी उतरणार नाही.